दोन तासांचा नियम : कलनशास्त्राच्या सूचनापत्रात न लिहिलेल्या अपेक्षा

अमेरिकेतील विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या कलनशास्त्राचा वर्ग बहुधा एका सूचनापत्राने सुरू होतो. गृहपाठ कधी द्यावयाचा, परीक्षा किती, गुणांची विभागणी कशी, प्राध्यापक कोणत्या वेळी भेटतील, नक्कल केल्यास काय होईल, हे सारे त्यात असते. शिवाय अनेकदा एक वाक्य असते : वर्गातील प्रत्येक तासामागे वर्गाबाहेर दोन तास अभ्यास अपेक्षित आहे. माझा विषय भाषा, गणित नव्हे. म्हणूनच कदाचित या वाक्यापाशी मी थांबलो. कारण हे वाक्य प्रामाणिकपणे पाळणारे विद्यार्थीच मागे पडत होते, असे एका प्रसिद्ध अभ्यासात दिसून आले आहे.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गणित विभागात उरी ट्राइझमन हे संशोधक विद्यार्थी होते. तेथे पहिल्या सत्राच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६० टक्के विद्यार्थ्यांना डी किंवा एफ ही श्रेणी मिळत असे. असे का, हे त्यांनी शिक्षकांना विचारले. उत्तरे साधारण चार मिळाली : जिद्द कमी, शाळेतील पाया कच्चा, घरी शिक्षणाची कदर नाही, आणि गरिबी. (हीच चार उत्तरे आपल्या स्टाफरूममध्येही ऐकू येतात. कोणाविषयी, ते या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको.)

ट्राइझमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यासोबत राहून पाहिले. चारही उत्तरे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुले आपापल्या शाळांतील हुशार मुले होती; त्यांच्या घरच्यांनी शिक्षणासाठी जिवाचे रान केले होते. इतकेच काय, प्रवेशपरीक्षेत गणितात अधिक गुण मिळविलेली मुलेही येथे अडखळत होती. ती आळशी नव्हती. आठवड्याला वर्गाचे ४ तास, म्हणून ती ८ तास अभ्यास करीत, सूचनापत्रात लिहिल्याप्रमाणे. आणि एकटी करीत. २० पैकी १८ जण वर्गमित्रांबरोबर कधीच अभ्यासास बसत नसत. एकट्याने, कोणाच्या मदतीविना पुढे येणे हेच तर त्यांच्या आजवरच्या यशाचे कारण होते.

चिनी विद्यार्थी आठवड्याला सुमारे १४ तास देत. त्यांतील ८ ते १० तास एकट्याने, आणि उरलेले तास संध्याकाळी एकत्र बसून. एकमेकांची उत्तरे ताडून पाहावयाची, चुका दाखवावयाच्या, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवावयाच्या. एखादे उदाहरण कोणालाच आले नाही, तर दोष आपल्या बुद्धीचा नसून उदाहरणच अवघड आहे, हे त्यांना तिथल्या तिथे कळे. एकट्या बसलेल्या मुलास हे कळण्यास मार्ग नव्हता.

कलनशास्त्रात याचे महत्त्व किती, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. क्षचा वर्ग आणि क्षचा घन यांचा गुणाकार म्हणजे क्षचा पाचवा घात. क्ष १ असताना त्याच्या बदलाचा दर ५ येतो. परंतु नवशिक्या विद्यार्थ्यास वाटते की दोहोंचे दर वेगवेगळे काढून गुणले की झाले. मग २ गुणिले ३, म्हणजे ६ येतात. हा गैरसमज घेऊन जो एकटाच ८ तास बसेल, त्याची ८ तासांत चूकच पक्की होईल. शेजारी कोणी असेल तर दोन मिनिटांत वाद होईल, आणि वादातून नियम समजेल.

यानंतर बर्कलीत जे वर्ग सुरू झाले, ते कच्च्या मुलांसाठीचे जादा वर्ग नव्हते, आणि मला यातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पाया पक्का करण्याच्या नावाखाली सोपी उदाहरणे न देता मुद्दाम अवघड उदाहरणे दिली गेली. लहान गटांत बसून ती सोडवावयाची. या वर्गांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल बाहेर राहिलेल्यांपेक्षा बरेच चांगले लागले. अर्थात, जे आपणहून आले ते मुळातच अधिक उत्सुक असतील, हा आक्षेप रास्त आहे. तरी पुढे ही पद्धत इतर विद्यापीठांनीही स्वीकारली. ट्राइझमन यांचे या विषयावरील व्याख्यान १९९२ मध्ये 'द कॉलेज मॅथेमॅटिक्स जर्नल'मध्ये छापले गेले.

आपल्या महाविद्यालयांत घरातून प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेली मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांना घरी विचारावयास कोणी नसते, आणि आम्ही पहिल्याच दिवशी बजावतो, "आपले आपण करा, दुसऱ्याचे पाहू नका." मी स्वतः कित्येक वर्षे हेच सांगत आलो. त्यातून आज्ञाधारक विद्यार्थ्याने नक्कल करू नये, एवढाच अर्थ घेतला असे नाही. कोणाशी बोलूही नये, असाही घेतला.

अमेरिकेतील आजच्या अनेक सूचनापत्रांत या दोन गोष्टी वेगळ्या करून लिहिलेल्या आढळतात : गृहपाठाची चर्चा मिळून करावी, उत्तर मात्र प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत, दुसऱ्याची वही समोर न ठेवता लिहावे. आपल्या पहिल्या दिवसाच्या सूचनांतही हे वाक्य घालता येईल. त्याजोडीला वर्ग सुटल्यावर एखादी खोली तासभर उघडी ठेवावी लागेल, आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची फाईल ग्रंथालयात सर्वांच्या हाती लागेल अशी ठेवावी लागेल. बसने गावी परतणाऱ्या मुलींसाठी ती खोली दुपारीच उघडी हवी.