दाबले की बदलणारे लोखंड



गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची मोटर जळाली. आप्पांनी ती खोलली तर आतली तांब्याची तार काळी पडलेली, आणि करपल्याचा वास. पाण्यावाचून अर्धा मका वाळून गेला. मी गुरुजींना विचारलं, "तार तापतेच कशाला?"

गुरुजी म्हणाले, वीज जाताना धातू तिला थोडा विरोध करतो, म्हणून तार तापते. मी म्हटलं, मुळीच विरोध न करणारा धातू नाही का? तर आहे!

१९११ साली हॉलंड देशात लायडन शहरी कामरलिंग ओनस या शास्त्रज्ञांनी पारा गार केला. किती गार? शून्याच्या खाली २६९ अंश! तेव्हा पाऱ्याचा विरोध एकदम नाहीसा झाला. अशा धातूला अतिवाहक म्हणतात. मला वाटलं तांब्याचा नंबर पहिला असेल. पण तांबे, चांदी, सोने गार करूनही आजवर अतिवाहक झालेले नाहीत.

लोखंडही होत नव्हते. लोखंडात चुंबकपणा असतो. चुंबकपणा आणि अतिवाहकपणा म्हणजे एका दावणीचे दोन भांडखोर बैल, त्यांचं जमत नाही. पण लोखंड फार जोराने दाबले की आतले कण वेगळ्या रीतीने बसतात आणि चुंबकपणा जातो. २००१ साली जपानात ओसाका येथील शिमिझू व त्यांच्या सोबत्यांनी लोखंडावर हवेच्या दीड ते तीन लाख पट दाब दिला आणि ते उणे २७१ अंशापर्यंत गार केले. लोखंड अतिवाहक झाले!

एवढा दाब द्यायला मोठे यंत्र लागत असेल असं मला वाटलं. तसं नाही. दोन छोट्या हिऱ्यांची टोके समोरासमोर धरतात, मधे धातूचा कण ठेवतात आणि आवळतात. बाभळीचा काटा पायात घुसतो, काठी घुसत नाही. टोक बारीक म्हणून दाब जास्त. हिरा कठीण असतो, म्हणून तो टिकतो.

चुन्यात कॅल्शियम नावाचा धातू असतो. तोही २१ लाख पट दाबला की उणे २४४ अंशालाच अतिवाहक होतो, म्हणजे लोखंडाइतका गार करावा लागत नाही.

मी विचारलं, मग अशा लोखंडाची मोटर? गुरुजी हसले. तो कण रव्याच्या दाण्याहून बारीक असतो, आणि दाब काढला की लोखंड पुन्हा पहिल्यासारखे होते.

आप्पांनी मोटर तांब्याच्या तारेनेच भरून आणली.

— इयत्ता ४ थी