पडद्यावरची बंदूक : खोटी किती, खरी किती?

चित्रपटात पिस्तूल झाडले की नळीतून ज्वाळ उफाळते. भर उन्हात खऱ्या पिस्तुलाची ज्वाळ फारशी जाणवतही नाही. पडद्यावरची ही करामत ‘ब्लँक’ काडतुसाची. त्यात गोळी नसते, दारू मात्र खरीच असते. १९८४ मध्ये अमेरिकी अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने गमतीने असे रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. स्फोटाच्या दाबाने कवटीचे हाड मेंदूत घुसले आणि तो दगावला.

‘डमी’ काडतुसात याउलट गोळी असते, दारू नसते. रिव्हॉल्व्हर जवळून दाखवताना आतल्या गोळ्या खऱ्या वाटाव्यात, एवढाच त्याचा उपयोग. १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या चित्रीकरणात या खरेपणाच्या हौसेनेच घात केला. डमीच्या बुडातील स्फोटक टोपी तशीच राहिली होती. तिच्या धक्क्याने गोळी सुटून नळीत अडकली. नळी कोणी तपासली नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये भरलेल्या ब्लँकने ती बाहेर फेकली आणि ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन मृत्युमुखी पडला. दोन ‘निरुपद्रवी’ काडतुसांचे मिळून एक जिवंत काडतूस झाले होते!

२०२१ मध्ये ‘रस्ट’च्या सेटवर तर खरे काडतूसच निघाले, छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांचा बळी गेला. आता अनेक निर्माते ज्वाळ संगणकावर रंगवतात. हाताला बसणारा झटका मात्र नटाला अभिनयाने आणावा लागतो, आणि तो सर्वांनाच साधतो असे नाही.