शुक्रवारी वंदे भारत कुठे असते?

पावसाळा सोडून कधीही मुंबई–मडगाव वंदे भारतचं शुक्रवारचं तिकीट शोधून पाहा, मिळणार नाही. तो दिवस देखभालीचा. एरवी तिची कसरत बघण्यासारखी असते: पहाटे 5.25 ला सीएसएमटी सोडायची, दुपारी मडगाव गाठायचं, थोडा दम खाऊन लगेच परत फिरायचं आणि रात्री साडेदहाच्या आसपास मुंबईत हजर व्हायचं. जाणं-येणं एकाच रेकवर उरकतं. पावसाळ्यात मात्र कोकण रेल्वेवर वेगमर्यादा लागते आणि एकेरी प्रवासच दहा तासांच्या घरात जातो. मग आज गेलेली गाडी उद्या परतते. सहा दिवसांची सेवा तीन दिवसांवर येते. दुसरा रेक हाताशी असता तर... असता तर!

मुंबईकरांनी हेच आधी लोकलमध्ये पाहिलंय. 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल आली ती एकटीच. त्यामुळे सुरुवातीला शनिवार-रविवारी ती कारशेडमध्ये, आणि फलाटावर तिच्या वेळेला साधी लोकल.

मग राखीव गाड्या ठेवायच्या तरी किती? अमेरिकेत केंद्राच्या अनुदानावर बस घेणाऱ्या संस्थांसाठी याचा ठोकताळा आहे. ताफा 50 बसचा किंवा मोठा असेल, तर ऐन गर्दीला जितक्या गाड्या लागतात त्यांच्या 20 टक्के राखीव. म्हणजे 100 रस्त्यावर, तर 20 डेपोत. गंमत अशी की ही कमाल मर्यादा आहे; सरकारला धास्ती आहे ती फुकटात साठेबाजी होण्याची. छोट्या ताफ्यांना हा काटा लावत नाहीत, ते शहाणपणाचंच. गावात एकच बस असेल तर दुसरी घेतल्याबरोबर राखीव 100 टक्के!

शिवाय नुसती उभी गाडीही बिघडते. बॅटरी उतरते, टायरची हवा जाते. म्हणून स्पेअरची पाळी फिरती ठेवायची: आज डेपोत, उद्या रूटवर.

न्यूयॉर्कच्या सबवेनं तर देखभालीच्या वेळापत्रकाच्या जोरावर कात टाकली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला डबा सरासरी 7,000 मैलांच्या आसपास धावला की बिघडायचा. मग नवे डबे आले, आणि भाग मोडायची वाट न बघता ठरल्या मुदतीला बदलायची शिस्त आली. 2011 पर्यंत हाच आकडा दीड लाख मैलांच्या वर होता.

आपल्या एसटीचा खाक्या निराळा. आषाढीला पंढरपूर, गणपतीला कोकण. ‘जादा गाड्या’ येतात त्या दूरदूरच्या आगारांतून. वर लग्नाचं वऱ्हाड आणि शाळेची सहल ‘प्रासंगिक करारा’वर. हे सगळं सांभाळून रोजच्या फेऱ्यांना गाडी पुरवणाऱ्या आगारातल्या माणसाला माझा दंडवत.

पण सगळ्यांवर कडी केली लंडननं. शहराबाहेर ऑल्डनम इथे बसदुरुस्तीचा अवाढव्य कारखाना होता. जागा घेतलेली भुयारी रेल्वेच्या डेपोसाठी, युद्धात तिथे हॅलिफॅक्स बॉम्बर बनले आणि 1956 पासून मात्र पूर्ण जोमानं बस. इथे गाडीची बॉडी चासीपासून अलगद उचलून वेगळी करत. दोन्हींची दुरुस्ती आपापल्या गतीनं. सुटे भाग इतके एकसारखे, की कुठलीही बॉडी कुठल्याही चासीवर चपखल बसायची. मग थांबायचं कशाला? आत आलेल्या बसचा नंबर तयार होऊन निघालेल्या दुसऱ्याच बसला द्यायचे. कागदोपत्री महिनोन्‌महिने रखडणारं कुणीच नाही! 1963 च्या ‘समर हॉलिडे’ या चित्रपटातही हा कारखाना झळकला. 1986 मध्ये त्याला टाळं लागलं. हौशी मंडळींनी जतन केलेल्या लाल डबलडेकर आजही लंडनमध्ये मिरवतात, पण त्यांतल्या अनेकींच्या नंबराखाली बॉडी भलत्याच बसची असते.