सराफ्याच्या ओटल्यावर

इंदूरचे पोहे कढईत होत नाहीत, ही गोष्ट मराठी माणसाला पहिल्या घासालाच कळते. चौकातल्या ठेल्यावर खाली पाणी उकळत असतं, त्या पातेल्यावर पसरट थाळा, आणि थाळ्यात हळद, मीठ, साखर लावलेल्या पोह्यांचा पिवळाधमक ढीग. वाफ खालून येत राहते. कांदा फोडणीत परतलेला नाही, वरून कच्चा. सोबत बडीशेपेचा दाणा, मूठभर शेव, कोथिंबीर, लिंबू, कधी डाळिंबाचे दाणे, आणि सगळ्यांवर चिमूटभर जिरावण. बाजूला जिलबी. हा नाश्ता कागदावर घेऊन उभ्यानं खायचा.

आम्ही अवंतिका एक्स्प्रेसनं सकाळी उतरलो होतो. मुंबई-पुण्याचे काही जण आणि जिचं माहेर इंदूरचं ती आमची मैत्रीण. गटातल्या पुणेकरानं पहिला घास घेऊन विचारलं, "फोडणी कुठंय?" मैत्रीण म्हणाली, "अरे, तू आधी खा तर." त्यानं खाल्लं, आणि दुसरी प्लेट मागवताना फोडणीचा विषय काढला नाही.

पोहे इंदुरात कुणी आणले याच्या कथा बऱ्याच आहेत. त्यातल्या बहुतेकांत महाराष्ट्रातून पोटापाण्यासाठी आलेला एक माणूस असतोच. ते पटण्यासारखंही आहे. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांनी माळव्यात पाय रोवले, अहिल्याबाईंनी महेश्वरहून कारभार केला आणि 1818 मध्ये मंदसौरचा तह झाल्यावर राजधानी इंदुरात आली. दरबाराबरोबर शिलेदार, कारकून, पुराणिक, आचारी आले आणि त्यांचं स्वयंपाकघरही आलं. घरी चार माणसांसाठी पोहे टाकायचे तर फोडणी करावी, गरम वाढावेत. ठेल्यावर मात्र तेच पोहे पहाटेपासून दुपारपर्यंत मऊ राहिले पाहिजेत आणि गिऱ्हाईक आलं की क्षणात हातात पडले पाहिजेत. कढईतले पोहे तासाभरात कोरडे पडतात, वाफेवरचे पडत नाहीत. फोडणीत जे राहून गेलं ते जिरावण भरून काढतं. जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग अशा मसाल्यांची ही कोरडी पूड इंदुरात कशावरही पडते. माझं मत विचाराल तर घरचे पोहे आपलेच चांगले, पण रस्त्यावरचे इंदूरचे. राजवाड्याच्या आसपास उसळ-पोहेही मिळतात. पोह्यांवर तिखट उसळीचा रस्सा. मिसळीवर वाढलेल्या माणसाला तिथं घरी आल्यासारखं वाटतं.

राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. 1801 मध्ये शिंद्यांच्या फौजेनं तो जाळला, 1984 च्या दंगलीतही त्याचा मोठा भाग आगीत गेला. आज दिसतं त्यातलं बरंच पुन्हा उभं केलेलं आहे. दर्शनी बाजू अजून भारदस्त आहे, पण मागे गेल्यावर नव्या बांधकामाचा नवेपणा लपत नाही.

दुपारी छप्पन दुकान. न्यू पलासियातली ही खाण्याच्या दुकानांची रांग आता अगदी आखीवरेखीव झाली आहे. गाड्यांना बंदी, बसायला बाक, झाडं, दिवे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2019 मध्ये तिला स्वच्छ खाद्यकेंद्राचा दर्जा दिला. मला ती जरा जास्तच नटलेली वाटली, पण दोन गोष्टींसाठी जावंच. पहिली म्हणजे जॉनी हॉट डॉग. इथल्या हॉट डॉगात सॉसेज नसतं. तव्यावर खरपूस शेकलेला गोल पाव आणि आत बटाट्याची किंवा मटणाची टिक्की, एवढंच. अंड्याचा प्रकार हवा असेल तर 'बेंजो' म्हणायचं. दुसरी शिकंजी. उन्हानं हैराण होऊन आमच्यातल्या एकीनं लिंबूपाणी समजून ती मागवली. समोर आलं ते केशर, जायफळ आणि सुकामेवा घातलेलं दाट, थंडगार दुधाचं पेय. तहान भागली नाही, पण दुपारचं जेवण मात्र टळलं.

मधला वेळ पचनासाठी ठेवावा. कान्ह नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या पायी बघून होतात. सराफ्याजवळचं काच मंदिर सर सेठ हुकुमचंद यांनी बांधलेलं. त्याच्या भिंती, खांब, छत, सगळं काचेचं. बघून झालं की थोडं झोपावं. इंदूरचा खरा दिवस रात्री आठनंतर सुरू होतो.

सराफा म्हणजे सोन्याचांदीची पेठ. दिवसा इथं तराजू, पेढ्या, गाद्या आणि लग्नाच्या खरेदीला आलेली कुटुंबं. रात्री दुकानांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच ओटल्यांवर शेगड्या चढतात. मध्यरात्र उलटून गेली तरी ही खाऊगल्ली जागी असते. सराफांनी हे का चालू दिलं, याचं गावात सांगितलं जाणारं कारण मोठं व्यवहारी आहे. रात्रभर गजबज राहिली की चोरांची हिंमत होत नाही! खरंखोटं कसंही असो, ज्या पेढीत दिवसा तोळ्यांचे सौदे होतात तिच्याच पायरीवर रात्री दहीवडा खायला मिळतो, हे दृश्य दुसऱ्या कुठल्या शहरात मी पाहिलेलं नाही.

दहीवडा म्हटलं की जोशी. या दुकानाची ख्याती चवीइतकीच करामतीची. दह्यानं भरलेला द्रोण हवेत उडवून झेलायचा आणि दही सांडू द्यायचं नाही, म्हणजे ते किती घट्ट आहे याची गिऱ्हाइकाला खात्री पटते. पुढची करामत चिमटीची. एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले धरायचे आणि एकेक करून वेगळे सोडायचे. मोबाईल उंचावून उभे असलेले लोक बघून आधी मला वाटलं, हा नुसता तमाशा. पण वडा खरोखरच हलका होता.

पुढं भुट्टे का कीस. कोवळं कणीस किसून ते तुपात परततात, मग दुधात शिजवतात. मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं आणि लिंबू. गोडसर, तिखट आणि मऊ. हा पदार्थ खावा तो पावसाळ्यात, कणसं ताजी असताना. हिवाळा असेल तर गराडू. कोनफळाच्या जातीतला हा पांढरा कंद तळून, त्याचे तुकडे करून पुन्हा कुरकुरीत तळतात आणि लिंबू-मसाला मारतात. खोपरा पॅटिसमध्ये बटाट्याच्या आत खोबऱ्याचं सारण निघतं. जलेबा म्हणजे जिलबीचा थोरला भाऊ. एक घेतला तर चौघांनी वाटून खावा. मावाबाटीच्या बाबतीतही तेच, कारण तिच्या पोटात सुकामेवा दडलेला असतो.

मी मात्र सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ती साबुदाण्याच्या खिचडीपाशी. आपल्याकडे खिचडी म्हणजे एकादशी, चतुर्थी, आजीचं सोवळं आणि दाण्याचं कूट. इथं ती रोज रात्री, भर रस्त्यात. भिजवलेला साबुदाणा पोह्यांसारखाच वाफेवर मोकळा होतो. मागणी आली की विक्रेता त्यात उकडलेला बटाटा, मिरची, कोथिंबीर, मसाला आणि लिंबू टाकून हातानं झरझर कालवतो आणि वर भरपूर फराळी चिवडा. तूपजिऱ्याचा वास नाही, कूट जवळजवळ नाही. आपण जिला खिचडी म्हणतो ती ही नव्हेच. तरी दाणा न दाणा सुटा आणि चिवड्याचा कुरकुरीतपणा शेवटपर्यंत टिकलेला. आमच्या पुणेकरानं विचारलं, "भैया, हे उपासाला चालतं?" विक्रेता म्हणाला, "भिया, उपास रखो तो भी चलेगी, तोडो तो भी चलेगी." मैत्रिणीचे काका शेजारी उभे होते. तीन पिढ्या इंदुरात घालवलेल्या घरातले. ते म्हणाले, "आमच्याकडे संकष्टीची खिचडी घरचीच. पण घरची खाऊन झाल्यावर इकडे यायला कुणी मना केलंय?"

आम्ही गेलो तेव्हा या गल्लीत मोमो, नूडल्स आणि धूर सोडणाऱ्या पानांचीही गर्दी झाली होती. जुन्या माणसांना ते खटकत होतं आणि मलाही खटकलं. मोमो कुठंही मिळतात, गराडू मिळत नाही. अरुंद बोळात ओळीनं पेटलेल्या शेगड्या आणि सिलिंडर पाहून पेढीवाल्यांना काळजी वाटली तर त्यातही नवल नाही. स्वच्छतेत मात्र शहर आपल्या नावाला जागतं. देशपातळीवरच्या स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून इंदूर वर्षानुवर्षं पहिलं आलं, आणि इथं द्रोण रस्त्यावर टाकू गेलात तर महापालिकेच्या आधी शेजारचा माणूसच हटकतो.

जायचं तर शनिवार-रविवार टाळा. सराफ्यात तेव्हा पाऊल ठेवायला जागा नसते. एकेक प्लेट दोघातिघांत वाटून घ्या, नाहीतर पोट जलेब्याच्या आधीच हात टेकेल. येताना जिरावणाचं पाकीट आणि लवंगी शेव घ्या. रंगपंचमीच्या दिवशी मात्र खाण्याचा बेत नको. त्या दिवशी गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, टँकरमधून रंग उडतो, राजवाड्याभोवतीच्या इमारती ताडपत्र्यांनी झाकलेल्या असतात आणि हातातल्या पोह्यांवर शेवेआधी गुलाल पडतो.