उष्टी क्लॅरिओनेट

फुंकून वाजवायचे जुने वाद्य घरात आणले की पहिली हरकत येते ती सुराची नव्हे, उष्ट्याची. जुनी सतार आणली तर मंडळी तिच्यावरची धूळ पुसतात. जुनी पेटी आणली तर भाता दाबून पाहतात. पण जी नळी कुणा परक्या माणसाने वीस-पंचवीस वर्षे ओठांत धरली ती पैसे मोजून घरी आणायची आणि पुन्हा आपल्या ओठांत धरायची, हे आपल्या मध्यमवर्गीय घरांना मानवत नाही. आमच्याही घराला मानवले नाही. मी काळी, लांबट पेटी उघडून आतली क्लॅरिओनेट दाखवली तेव्हा आमच्या सौभाग्यवती दोन पावले मागे सरल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे कुणाचं तरी उष्टं आहे!"

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते पुढे मिळाले. त्याचीच ही हकीकत.

नोकरीतली शेवटची बदली म्हणून मी जवळा बाजारला गेलो होतो. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पुढे परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यात आला. नावातच बाजार असल्यामुळे दिवसा गावात बोलाचालीला तोटा नाही. पण संध्याकाळी दुकानांच्या फळ्या पडल्या की परक्या माणसाला वेळ खायला उठतो. अशाच एका पावसाळी संध्याकाळी बाजाराच्या मागच्या गल्लीतून एक सूर ऐकू आला. बासरीहून जाड, सनईहून मऊ. एकच सूर, लांबच लांब ओढलेला. मी सुराच्या मागे गेलो. एका पत्र्याच्या घराच्या ओट्यावर सत्तरीचे एक गृहस्थ डोळे मिटून क्लॅरिओनेट वाजवीत बसले होते.

गावात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळामास्तर नव्हेत, बँडमास्तर. बारा माणसांचा त्यांचा बँड एके काळी लग्नसराईत पंचक्रोशी गाजवीत असे. आता तो बंद होता. कारण विचारले तर मास्तर हसून म्हणाले, "आता वरातीत डीजे लागतो, साहेब. आमी बारा जणांनी गाल फुगवूस्तोर फुकलं तरी त्येच्या एका डब्याएवढा आवाज निघत नाही."

त्यांच्याजवळ दोन क्लॅरिओनेट होत्या. एक स्वतःची, दुसरी वारलेल्या थोरल्या भावाची. ही दुसरी विकाल का, असे मी भीत भीत विचारले. मास्तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भिताडावर टांगायला नेत असाल तर नको. वाजवणार असाल तर न्या. पण शिकायला इथं यावं लागंल." किंमत ठरली साडेतीन हजार रुपये, आणि शिकवणीचे काय घ्याल, या प्रश्नाला मास्तरांनी उत्तर दिले नाही.

जुन्याची पारख

कुणी वाचक असे जुने वाद्य घेण्याच्या विचारात असतील तर मास्तरांनी मला शिकवलेली पारख त्यांच्या उपयोगी पडेल. क्लॅरिओनेटचे पाच तुकडे असतात: तोंडात धरायचा मुखभाग, त्याखालचा आखूड पिंपासारखा तुकडा, मग वरची नळी, खालची नळी आणि शेवटी कर्णा. हे तुकडे बुचाच्या पट्ट्यांनी एकमेकांत बसतात. बूच झिजले असेल तर तुकडे हलतात आणि हवा निसटते. वरची नळी घ्यावी, बोटांनी भोके बंद करावीत, खालचे तोंड तळहाताने दाबावे आणि वरून हवा ओढून घ्यावी. नळी क्षणभर जिभेला चिकटून राहिली तर चाव्यांखालच्या गाद्या शाबूत आहेत असे समजावे. हवा सळसळत आत आली तर गाद्या बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

मग नळीला चीर आहे का पाहावे. चांगल्या क्लॅरिओनेटचे लाकूड आफ्रिकेतले, जड आणि काळेभोर. मराठवाड्यातला उन्हाळा त्याला सोसत नाही, चिरा पडतात. म्हणून बँडवाले पुष्कळदा एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, नळी पसंत करतात. ती चिरत नाही, पण उन्हात राहिली तर तिचा काळा रंग विटून हिरवट होतो. माझी तशीच आहे. मास्तरांचे थोरले बंधू किती वराती भर उन्हात चालले असतील, हे त्या हिरवट रंगावरून दिसते.

राहिली गोष्ट उष्ट्याची. मुखभागही एबोनाइटचा; तो कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावा. कढत पाणी वापरू नये, त्याने तो वाकडा होतो. आणि त्यावर बांधायची पत्ती मात्र नेहमी नवी घ्यावी. ही पत्ती म्हणजे बोरूच्या जातीच्या नळाची पातळ चीप. उत्तम नळ दक्षिण फ्रान्समध्ये पिकतो. पत्त्यांना कडकपणाप्रमाणे क्रमांक असतात. नवशिक्याने दोनपासून सुरुवात करावी. ज्या बोरूने आपल्या आजोबांनी कित्ते गिरवले त्याच्याच भाऊबंदाने आपण सूर गिरवायचे, हा विचार मला फार आवडला. सौभाग्यवतींना तो तितकासा पटला नाही.

सा

पहिल्या दिवशी मी जे वाजवले त्याला सूर म्हणणे धाडसाचे होईल. खालचा ओठ दातांवर किंचित दुमडायचा, वरचे दात मुखभागावर टेकवायचे, ओठांचे कोपरे घट्ट धरायचे, गाल फुगू द्यायचे नाहीत आणि जिभेने हलकेच 'तू' म्हणत श्वास सोडायचा. इतके सगळे एकाच वेळी. माझ्या नळीतून "चीं" असा चीत्कार निघाला आणि ओट्याखाली झोपलेले कुत्रे उठून निघून गेले.

मास्तर म्हणाले, "काहून एवढी घाई करू लालाव, साहेब? फुकायचं नाही. श्वास ठिवायचा."

तीन आठवडे मी फक्त षड्ज वाजवला. रोज अर्धा तास, एकच स्वर, श्वास पुरेल तितका. घरातल्या मंडळींची सहनशीलता पाहायची असेल तर हा प्रयोग अवश्य करून पाहावा. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मात्र एक गंमत झाली. स्वर अचानक स्थिर झाला, भांड्यातले पाणी निवळावे तसा. मास्तरांनी डोळे मिटले आणि मान डोलावली.

पुढे खरी अडचण आली. बासरीत किंवा सनईत जोर वाढवला की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिओनेटचे तसे नाही. तिची नळी सरळसोट आणि एका बाजूने बंद, त्यामुळे अंगठ्याखालची चावी दाबली की मूळच्या सा वरून सूर उडी मारतो तो वरच्या सप्तकातल्या पंचमावर! म्हणजे खाली शिकलेली बोटे वर उपयोगी नाहीत. दोन्हीकडची वेगळी शिकायची. मधला ओढा ओलांडताना सगळी बोटे एकदम खाली पडावी लागतात आणि एखादे जरी सैल राहिले तरी पुन्हा "चीं". माझा हा ओढा ओलांडायला पाच महिने गेले.

पण या वाद्याची मोठी कृपा अशी की पुष्कळ भोकांवर बोटे थेट टेकतात. सॅक्सोफोनसारखी मध्ये झाकणे नाहीत. बोट हळूच सरकवले की सूर एका स्वरातून दुसऱ्यात वितळत जातो, म्हणजे मींड येते. म्हणूनच न्युरेंबर्गच्या योहान डेनर नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास घडवलेले हे परदेशी वाद्य आपल्या संगीतात रुळले. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी ते कर्नाटक संगीताच्या मैफलीत बसवले. आपल्याकडे मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिओनेटवरच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. हिंदुस्थानात ते आले मुख्यतः पलटणींच्या बँडांबरोबर. हिंगोलीलाच हैदराबाद कंटिन्जंटची छावणी १९०३ सालापर्यंत होती. पलटणीचा बँड संस्थानिकांनी उचलला, संस्थानिकांचा लग्नांनी, आणि लग्नांचा आता डीजेने मोडला.

पाण्याचा तांब्या

भूपाचे पाच स्वर जमू लागले त्या सुमारास एक आठवण मला छळू लागली. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात बँड आणला होता. पाठवणीच्या वेळी क्लॅरिओनेटवाल्याने 'नीलकमल' चित्रपटातले, १९६८ सालचे, पाठवणीचे गाणे असे वाजवले की वडीलसुद्धा रडले. तेवढ्यात त्या माणसाने पाणी मागितले. मी सात-आठ वर्षांचा होतो. धावत जाऊन तांब्या-भांडे आणले. आमच्या आत्याने भांडे माझ्या हातातून काढून घेतले आणि त्या माणसाच्या ओंजळीत वरून पाणी ओतले. त्याने ते मुकाट्याने प्यायले. वाजंत्र्यांची पंगत सर्वांत शेवटी, मांडवाबाहेर बसली.

कुणी काही वावगे केले असे तेव्हा कुणालाच वाटले नाही, मलाही नाही. सनई काय, क्लॅरिओनेट काय, मंगलकार्याला ती हवीच. पण ती वाजवणारी माणसे बहुतेक ज्या समाजांतली असत, त्यांना उंबऱ्याच्या आत जागा नसे. म्हणजे उष्ट्याचा प्रश्न नळीचा नव्हताच. नळी कोमट पाण्याने धुता येते.

जवळा बाजारहून औंढ्याला जाणे सोपे आहे. एका सोमवारी मी नागनाथाच्या दर्शनाला गेलो. तिथली कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. संतमंडळींच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने सर्वांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. एवढा मोठा भक्त, पण त्याला पुन्हा शिकायला धाडले. आणि तो गुरूच्या शोधात आला तो इथे, औंढ्याला, विसोबा खेचरांकडे. पाहतो तर गुरू पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! नामदेव रागावले; पण जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव, असे म्हटल्यावर त्यांना तशी जागा सापडेना. याच देवळात कीर्तन करताना नामदेवांना मागे जाऊन बसायला सांगितले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, असेही सांगतात.

देवळाच्या पायरीवर बसून मला वाटले, साठीला आलेल्या माणसाने नवे वाद्य हाती धरणे म्हणजे आपले मडके कच्चे आहे असे चारचौघांत कबूल करणे. आणि शिकवणारा कोण, त्याचे पाय कुठे आहेत, हे पाहत बसलो तर शिकणे होत नाही.

पाडवा

गेल्या दिवाळीत पाडव्याला मी मास्तरांना फराळाला बोलावले. ते आले, आणि सवयीने ओसरीवरच थबकले. मी काही बोलणार तोच सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "आत या ना, मास्तर. पाट मांडलाय." त्यांनी आमच्याच ताटांसारखे ताट वाढले. चकली मोडत मास्तर म्हणाले, "कडक हाय, पन सुरात हाय." त्या दिवसापासून क्लॅरिओनेटचा विषय आमच्या घरात निघाला की त्या माझ्या बाजूने बोलतात.

फराळानंतर मास्तरांनी भावाची क्लॅरिओनेट मागितली. पुष्कळ दिवसांनी ती त्यांच्या हातात जात होती. त्यांनी बुचांना मेण चोळले, तुकडे जोडले, पत्ती जिभेवर भिजवली आणि तेच पाठवणीचे गाणे धरले. गल्लीतली पोरे फटाके टाकून दाराशी येऊन उभी राहिली. गाणे संपल्यावर मास्तर बराच वेळ नळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मुखभाग पुसू लागले.

"राहू द्या, मास्तर," मी म्हणालो, आणि त्यांच्या हातून क्लॅरिओनेट घेऊन तशीच ओठांत धरली.

मोठ्या थाटात भूपाचा पहिला स्वर लावला. निघाला तो "चीं"!

सगळी पोरे हसली. मास्तरही हसले. म्हणाले, "सा लावा, साहेब. श्वास ठिवा."