पावसातला किनारा आणि मुलांचे श्रमदान

जुलैतल्या रविवारी सकाळी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर गेले, की समुद्राच्या आधी कचरा नजरेत भरतो. दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल, एकेकटी रबरी चप्पल. पलीकडे कोळीवाड्यात होड्या शाकारून ठेवलेल्या; ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. अशा दिवशी रेनकोट घालून शाळेची मुले श्रमदानाला निघाली, की घरून हमखास विचारले जाते, ‘एवढ्या पावसात कशाला?’

हा कचरा येतो कुठून, हे पावसातच नीट कळते म्हणून. उन्हाळाभर नाल्यांत साचलेले प्लास्टिक मुसळधार सरींबरोबर ओशिवरा, पोईसर, मिठी या नद्यांत उतरते, तिथून खाडीत आणि समुद्रात जाते. नैर्ऋत्येचे वारे आणि भरती त्यातले बरेच पुन्हा वाळूवर आणून टाकतात. वाळूत रुतलेली पुडी मूल उपसते, तेव्हा तिच्यावरचे नाव त्याच्या ओळखीचे असते. तशीच पुडी त्याच्या न्हाणीघरात असते.

याच किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांच्या एका वृद्ध शेजाऱ्याने दोघांनीच कचरा उचलायला सुरुवात केली. मग कोळी बांधव आले, रहिवासी आले, विद्यार्थी आले. २०१६ साली शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला. मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले इथल्या वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. पुरस्कारापेक्षा ही पावती मोठी.

मात्र मुलांना पावसाळी किनाऱ्यावर नेणे हे जोखमीचे काम आहे, आणि उत्साहात नेमका त्याचाच विसर पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस मुंबई महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ते सरळ टाळावेत. एरवीही काम ओहोटीच्या वेळेतच उरकावे. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारचे घड्याळ या रविवारी चालत नाही. ढग गडगडले, की लगेच पक्क्या छपराखाली जायचे. झाड किंवा ताडपत्रीचा मांडव उपयोगाचा नाही.

ऑगस्टच्या आसपास निळसर फुग्यांसारखे ‘ब्लू बॉटल’ हे समुद्री जीव वाळूवर येऊन पडतात. ते मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डसतात. डसलेली जागा चोळू नये. समुद्राच्या पाण्याने धुवावी, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी. श्वास लागला किंवा सूज वाढली, तर थेट डॉक्टरकडे.

मुलांच्या हातात जाड हातमोजे आणि पायात बंद बूट हवेत. काचा, सुया मोठ्यांनीच उचलाव्यात, आणि लाटांकडे तोंड करून एक मोठे माणूस सतत उभे असावे. एवढी तयारी असेल, तर येत्या रविवारी ओहोटीची वेळ पाहा आणि मुलांना घेऊन जा.