पडद्याआधी ऊन बघा

दसरा-दिवाळी जवळ आली की पडद्यांच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. सोफ्याच्या कापडाचा तुकडा पर्समध्ये, भिंतीच्या रंगाचा फोटो मोबाइलमध्ये, आणि गाद्यांवर एकावर एक उलगडत जाणारी नमुन्यांची जाडजूड पुस्तकं. त्या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट क्वचितच कुणी विचारतं, की खिडकी कुठल्या दिशेला आहे? माझ्या मते दुकानात शिरण्याआधी याचं उत्तर तयार हवं. पडदा घराला शोभा देतो हे खरंच. पण आपल्या हवेत त्याचं पहिलं काम ऊन, वारा आणि शेजाऱ्यांची नजर सांभाळणं हे आहे. ते काम प्रत्येक खिडकीचं वेगळं असतं, म्हणून घरभर एकाच कापडाचे पडदे मला पटत नाहीत.

सूर्याची आपल्यावरची वाट वर्षभर बदलत असते. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर तो भर दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तो हाच. तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. वरचा दीड-दोन फुटी छज्जा तिला पुरतो. डिसेंबरात मात्र माध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून 47-48 अंशांवरच असतो आणि त्याच खिडकीतून ऊन खोलीत चांगलं आतवर येतं. थंडीतलं हे ऊन हवंसं असतं. दक्षिणेला जाड, गडद पडदा कायमचा ओढून ठेवला तर उन्हाळ्यात फारसा फायदा नाही आणि हिवाळ्यात हक्काचं ऊन गमावलं. तिथे सहज बाजूला सारता येईल असं हलकं सुती कापड उत्तम.

उत्तरेच्या खिडकीत दिवसभर मऊ, एकसारखा उजेड असतो. जूनच्या आसपास सकाळ-संध्याकाळ तिरपी उन्हं येतात तेवढीच. तिथे नेट किंवा मलमल पुरे. पूर्वेचं ऊन कोवळं असलं तरी थेट डोळ्यांवर येतं. पण तेव्हा हवा गार असते, म्हणून प्रश्न उष्णतेपेक्षा झोपेचा. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्यांच्या खोलीला ब्लॅकआउट पडदा खरोखर लागतो. तो घेताना विणीतच काळा धागा असलेला बघावा. मागून लेप दिलेला स्वस्त पडतो, पण धुण्यात त्या लेपाला चिरा जातात.

खरी परीक्षा पश्चिमेच्या खिडकीची. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरत जातो, तशी छज्ज्याची सावली काचेला पुरत नाही. त्याच वेळी बाहेरची हवा सर्वाधिक तापलेली असते, भिंतीही सकाळपासून तापत आलेल्या असतात. साध्या काचेवर पडणाऱ्या उन्हातली चार-पंचमांशाहून जास्त उष्णता आत येते. मग आपण दुकानात जाऊन सगळ्यात गडद, सगळ्यात जाड पडदा मागतो. खोलीत अंधार होतो, पण गारवा काही येत नाही.

याचं कारण साधं आहे. पडदा काचेच्या आतल्या बाजूला असतो, म्हणजे ऊन त्याच्यापर्यंत पोचतं तेव्हा ते घरात आलेलंच असतं. पांढरं कापड त्यातला बराच भाग उजेडाच्याच रूपात परत फेकतं आणि तो काचेतून बाहेर निघून जातो. गडद कापड ते ऊन शोषून घेतं आणि स्वतः तापतं. तापलेल्या कापडातून निघणारी उष्णता उजेडासारखी नसते. काच तिला आरपार जाऊ देत नाही. ती खोलीतच राहते. म्हणून पश्चिमेच्या पडद्याला खिडकीच्या बाजूने पांढरं अस्तर लावून घ्यावं आणि खोलीच्या बाजूने आवडेल तो रंग ठेवावा. अस्तराचे पैसे वाचवू नयेत, हवं तर वरचं कापड साधं घ्यावं. पडदा ऊन काचेवर यायच्या आधी, दोनच्या सुमारास ओढायचा. खोली तापल्यावर ओढून उपयोग कमी. काच आणि पडद्याच्या मधली गरम हवा वरच्या फटीतून खोलीत येते, म्हणून रॉड शक्य तितका छताजवळ बसवावा आणि पडद्याच्या कडा भिंतीला टेकतील इतकी रुंदी ठेवावी.

सर्वांत चांगला उपाय मात्र ऊन काचेपर्यंत पोचूच न देणं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. ओसरीवर, व्हरांड्यात बांबूच्या कामट्यांचे चिकाचे पडदे याचसाठी सोडत. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये घरांसाठी आणलेल्या इको-निवास संहितेतही खिडकीतून येणाऱ्या उष्णतेचा हिशेब करताना बाहेरून मिळणाऱ्या सावलीला जागा दिलेली आहे. बाल्कनी असेल तर तिच्या बाहेरच्या कडेला चीक लावा, आत महागडा पडदा नसला तरी चालेल. वरच्या मजल्यांवर ती खालूनही पक्की बांधायला हवी, आणि इमारतीच्या दर्शनी बाजूला काही लावायचं तर आधी सोसायटीला विचारलेलं बरं.

मुंबईत पश्चिमेच्या खिडकीची आणखी एक अडचण आहे. दुपारनंतर समुद्रावरचं वारंही पश्चिमेकडूनच येतं. जाड पडदा ओढला की ऊन अडतं आणि वाराही अडतो, मग दमट हवेत जीव घुसमटतो. एसी नसलेल्या मुंबईतल्या घरात मखमली पडदे लावू नयेत असं मी ठामपणे म्हणेन. तिथे बाहेर चीक आणि आत विरळ विणीचं सुती किंवा लिननचं कापड, म्हणजे वारा खेळता राहतो.

नागपूर-अकोल्याकडे गणित उलटं. उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं वारंच पोळणारं, त्यामुळे खिडक्या दिवसभर बंद आणि रात्री सताड उघड्या. तिथे अस्तराचा जाड पडदा शोभतो आणि कामालाही येतो. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारण्याची पद्धतही तिकडचीच. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. शिवाय तो सुगंध! किनाऱ्यावरच्या दमट हवेत हाच उपाय निकामी ठरतो.

आता मापं. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात आणि मनस्तापही इथेच होतो, म्हणून हिशेब स्वतः करून जावं. समजा खिडकी 6 फूट रुंद आहे. रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे काढला की 7 फूट, म्हणजे 84 इंच झाले. चुण्या नीट पडायला कापड याच्या दुप्पट लागतं, 168 इंच. पडद्याच्या कापडाचा पन्हा साधारण 48 इंचांचा असतो. भागाकार साडेतीन येतो, म्हणून चार पन्हे घ्यायचे. रॉडपासून जमिनीपर्यंत साडेसात फूट, म्हणजे 90 इंच, आणि वरची पट्टी व खालची दुमड मिळून 12 इंच. एका पन्ह्याला 102 इंच, चारांना मिळून सुमारे साडेदहा मीटर. ‘तीनात बसवून देतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. पडदा ओढल्यावर चुण्या विरळ पडतात. मोठ्या नक्षीचं कापड असेल तर फुलं एका रेषेत जुळवण्यासाठी दर पन्ह्याला नक्षीच्या एका आवर्तनाइतकं कापड जास्त धरावं.

जुन्या साड्यांचे पडदे मला फार आवडतात. साडेपाच मीटरच्या सुती साडीत जमिनीपर्यंत पोचणारे दोन पडदे निघतात आणि काठ उभे ठेवले की वेगळी नक्षी लागत नाही. रेशमी साडी मात्र उन्हाच्या खिडकीला लावू नये. उन्हाने रेशमाचा रंग तर उडतोच, धागाही कमकुवत होतो आणि कापड घडीवर फाटू लागतं. आजीची पैठणी आतल्या दाराला, सावलीत शोभेल.

नेटच्या पडद्यावर खासगीपणासाठी फार विसंबू नये. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो म्हणून बाहेरच्याला आतलं दिसत नाही. संध्याकाळी आत दिवा लागला की सगळं उलटतं आणि समोरच्या इमारतीतून आपली खोली स्पष्ट दिसते. म्हणून नेटमागे दुसरा पडदा हवाच.

पावसाळ्यात स्लायडिंग खिडकीतून झड येते, तेव्हा जमिनीपर्यंतच्या पडद्यांची टोकं भिजून बुरशीचे काळे ठिपके पडतात. कोकणात आणि मुंबईत रिंगा व हूक स्टीलचे किंवा पितळेचेच घ्यावेत, लोखंडाच्या गंजाचे डाग जात नाहीत. देवघराच्या आणि गॅसच्या जवळ पडदा नकोच. दिवाळीत खिडकीत पणत्या ठेवताना तो बांधून वर घ्यावा. घरात लहान मूल असेल तर ब्लाइंड्सची लोंबती दोरी भिंतीवर उंच गुंडाळून ठेवावी, तिच्या फासात मुलाची मान अडकू शकते.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवायला देण्याआधी ते एकदा भिजवून वाळवावं. तेवढा वेळ नसेल तर शिंप्याला खालची दुमड चार इंचांची ठेवून कच्चे टाके घालायला सांगावं आणि पहिलं धुणं झाल्यावर, पडदा रॉडवर दोन दिवस लटकू देऊन मग पक्की शिलाई मारून घ्यावी.